हेडमास्तर बदलला की शाळा बदलते का? (डून आणि इतर निवासी शाळा)

रुईया_नाका (धागाकर्ता)

डून स्कूलचं नाव निघालं की आपल्याकडे गप्पा दोनच वाटांनी जातात. एक तर राजीव गांधी, मणिशंकर अय्यर वगैरे मंडळींच्या नावानं बोटं मोडायची, नाही तर वर्षाची दहा लाखांपुढची फी ऐकून डोळे पांढरे करायचे. दोन्ही करून झालं असेल तर तिसरं बोलू. ही शाळा चालवली कोणी?

मी स्वतः पालिकेच्या शाळेतला, त्यामुळे माझा कुठलाही हितसंबंध नाही. भाच्याला निवासी शाळेत घालावं का यावर घरात खल चालू होता. त्या नादात वाचत गेलो आणि डूनच्या हेडमास्तरांच्या यादीपाशी अडकलो.

आधी थोडी पार्श्वभूमी. कल्पना सतीश रंजन दास यांची. कलकत्त्याचे बॅरिस्टर, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कायदा सदस्य, देशबंधू चित्तरंजन दासांचे चुलतभाऊ. त्या काळी राजेरजवाड्यांच्या मुलांसाठी अजमेरचं मेयो आणि राजकोटचं राजकुमार कॉलेज होतं. गोऱ्या सैनिकांच्या मुलांसाठी सनावर आणि लव्हडेलच्या शाळा होत्या. दासांना हवी होती ती कुठल्याही प्रांताच्या, कुठल्याही धर्माच्या हिंदी मुलांना एका छपराखाली ठेवणारी शाळा. १९२८ मध्ये त्यांनी इंडियन पब्लिक स्कूल्स सोसायटी नोंदवली आणि त्याच वर्षी ते गेले. शाळा उघडली सात वर्षांनी, सप्टेंबर १९३५ मध्ये, डेहराडूनच्या चांदबागेत. तिथे आधी वनसंशोधन संस्था होती. ऑक्टोबरात व्हाइसरॉय विलिंग्डन रीतसर उद्घाटनाला आले. गंमत म्हणजे व्हाइसरॉयच्या हस्ते उघडलेल्या या शाळेनं पहिल्याच वर्षी आपलं गीत म्हणून 'जन गण मन' घेतलं. ते राष्ट्रगीत व्हायला अजून पंधरा वर्षं होती.

आता यादी. आर्थर फूट, ईटनमध्ये विज्ञान शिकवणारे, १९३५ ते १९४८. जॉन मार्टिन, हॅरोहून आलेले, सुरुवातीपासून फूटच्या हाताखाली, १९४८ ते १९६६. म्हणजे पहिली एकतीस वर्षं दोन माणसांनी काढली. मग क्रिस्टोफर मिलर, चार वर्षं. १९७० मध्ये पहिले भारतीय हेडमास्तर, कर्नल एरिक सिमियन. १९७९ मध्ये गुलाब रामचंदानी, शाळेचाच पहिला माजी विद्यार्थी या खुर्चीत. १९८८ मध्ये शोमी दास, म्हणजे संस्थापकांचे नातू. १९९६ मध्ये जॉन मेसन. २००३ मध्ये कांती बाजपेयी, जेएनयूतले आंतरराष्ट्रीय राजकारणाचे प्राध्यापक आणि तेही माजी विद्यार्थी. २००९ मध्ये पुन्हा परदेशी, पीटर मॅक्लॉक्लिन. २०१६ मध्ये मॅथ्यू रॅगेट, जर्मनीत लाइपझिगच्या आंतरराष्ट्रीय शाळेतून आलेले. २०२० पासून जगप्रीत सिंग, नाभ्याच्या पंजाब पब्लिक स्कूलमधून.

दोन गोष्टी खटकल्या. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला आणि या शाळेला भारतीय हेडमास्तर मिळायला १९७० उजाडलं. दुसरं, कारकीर्दी आखडत गेल्यात. तेरा, अठरा अशी सुरुवात आणि अलीकडे सात, सहा, चार. माझं मत असं की जुना हेडमास्तर शाळेत मुरायचा, आताचा कंत्राटावर येतो आणि निघून जातो. तुम्हाला काय वाटतं?

चहाटळ

पयला लंबर! सविस्तर नंतर, टंकाळा आलाय. (टंकायचा कंटाळा हो!) तूर्त एक मुंबई कनेक्शन घ्या. हे कर्नल सिमियन १९७९ मध्ये डून सोडून आले कुठे? फोर्टात, कथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेत. म्हणजे डूनचा पहिला देशी हेडमास्तर नंतर आपल्या फाउंटनच्या बसथांब्यांवरून पोरांची गर्दी बघत होता.

निवृत्त_मास्तर

धागा आवडला. पण 'कंत्राटावर येतो' हे जरा तपासून घ्या, रुईया. मी आयुष्यभर निवासी शाळांत शिकवलं. कुठल्या ते सांगत नाही, कारण काही सहकारी अजून तिथे आहेत.

सिमियन १९७० मध्ये आले तेव्हा ते काही मुरलेले नव्हते. फौजी माणूस, आणि त्याआधी हरियाणातल्या कुंजपुऱ्याच्या सैनिक शाळेचे पहिले प्राचार्य. म्हणजे जिथे सगळंच नवं उभारायचं अशा शाळेतून ते जिथे काहीच हलत नाही अशा शाळेत आले. तरीही नऊ वर्षं टिकले. शोमी दास डूनला येण्याआधी मेयोत पाच वर्षं (१९६९ ते ७४) आणि सनावरला चौदा वर्षं (१९७४ ते ८८) हेडमास्तर होते. त्याच्याही आधी स्कॉटलंडात गॉर्डनस्टनला शिकवत होते, तिथे युवराज चार्ल्स त्यांचा विद्यार्थी. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा बहुतेक बातम्यांनी मथळ्यात चार्ल्सलाच घेतलं. सनावरची चौदा वर्षं खाली कुठेतरी एका ओळीत.

सांगायचा मुद्दा, हा एक आतल्या आत फिरणारा छोटा वर्ग होता. १९३९ मध्ये या शाळांची परिषद स्थापन झाली आणि तिथून हेडमास्तरांची देवाणघेवाण वाढली. जॅक गिब्सन घ्या. १९३७ मध्ये डूनला शिक्षक. १९४९ मध्ये डेहराडूनजवळ क्लेमेंट टाउनला तिन्ही दलांच्या छात्रांची जॉइंट सर्व्हिसेस विंग निघाली, तिचे प्राचार्य म्हणून सरकारनं त्यांनाच नेलं. हीच विंग पुढे आपल्या खडकवासल्याला आली आणि एनडीए झाली. गिब्सन मात्र तिकडे न येता १९५४ मध्ये मेयोला गेले, १९६९ पर्यंत राहिले, १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. निवृत्तीनंतर विलायतेला परत गेलेच नाहीत. १९९४ मध्ये अजमेरातच वारले.

तेव्हा हेडमास्तर कुठून आला यापेक्षा त्याला निवृत्तीनंतर कुठे राहायचंय ते बघा. मार्टिनही डेहराडूनलाच राहिले. फूट मात्र १९४८ मध्ये इंग्लंडला परतले आणि तिथे ऑटरशॉ नावाच्या नव्या निवासी शाळेचे पहिले हेडमास्तर झाले.

कोरेगावकर_एक्स_सातारा

मी सातारा सैनिक शाळेचा. २३ जून १९६१ ला सुरू झालेली देशातली पहिली सैनिक शाळा, हे आधी नोंदवून ठेवतो. कुंजपुरा आमच्या नंतरची.

रुईया, तुमचा सिद्धांत आमच्याकडे आणून बघा. आमचे प्राचार्य सेवेतले अधिकारी. कर्नल किंवा ग्रुप कॅप्टन, नाही तर नौदलाचे कॅप्टन. बदलीचा हुकूम आला की चालले. त्यांच्या खालचे दोघेही असेच. तेव्हा त्या पदांना हेडमास्तर आणि रजिस्ट्रार म्हणायचे, आता उपप्राचार्य आणि प्रशासकीय अधिकारी म्हणतात. तिघेही येणारे-जाणारे. तरी शाळेची शिस्त, पीटीची वेळ, मेसमधली वाटपाची पद्धत जशीच्या तशी. कोणी सांभाळली? इंग्रजी-गणिताच्या मास्तरांनी, हाउसमास्तरांनी, मेसच्या हवालदारांनी. ती मंडळी निवृत्तीपर्यंत तिथेच.

एक साहेब आले ते घोड्यांचे शौकीन, दुसरे आले त्यांना नाटकाचं वेड. आम्हाला त्यातून घोडाही कळला आणि नाटकही. अठरा वर्षं एकाच माणसाच्या आवडीनिवडी सोसण्यापेक्षा हे बरं नाही का?

भायखळ्याची_पोर

मुंबईचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात जुनं राहिलं की. निवासी शाळा म्हटलं की सगळे डोंगरावर बघतात, पण एक मोठी शाळा आमच्या भायखळ्यातून गेली आहे.

१८१५ मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी काढली. उद्देश गरीब युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांना शिकवायचं, त्यातली कित्येक अनाथ. या मुलांच्या शाळा भायखळ्याला होत्या. पुढे गिरण्या वाढल्या, वस्ती दाटली आणि पोरांच्या तब्येतीचा प्रश्न आला. मग निवासी भाग देवळालीला हलवायचं ठरलं. १९२५ मध्ये तिथे शाळा सुरू झाली, ती बार्न्स स्कूल. भायखळ्याला क्राइस्ट चर्च स्कूल राहिली, ती अजून आहे. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिथेच शिकली.

आणि हे बघा, डून एका बॅरिस्टरच्या कल्पनेतून निघाली, बार्न्स निघाली ती धर्मादाय कामातून. तिथे विश्वस्तांचा शब्द आधी, हेडमास्तर नंतर. आताची बार्न्स बघितली तर मुलं मुंबई, नाशिक, गुजरात सगळीकडची. त्या अनाथ पोरांची शाळा ही आहे हे कोणाला सांगूनही पटत नाही.

चहाटळ

आता टंकाळा गेला.

मास्तरांनी मेयो काढलं म्हणून. १८७५ मध्ये मेयोला पहिला विद्यार्थी आला, अलवारचा महाराजा मंगलसिंग. सोबत हत्ती-उंटांचा लवाजमा आणि सुमारे तीनशे माणसं. आणि इकडे आमच्या सोसायटीतल्या काकू मुलाला हॉस्टेलला सोडताना चकल्यांचे दोन डबे दिले म्हणून रेक्टरची बोलणी खातात.

दुसरा मुद्दा गंभीर आहे, हसू नका. ग्वाल्हेरचं सिंदिया स्कूल. १८९७ मध्ये माधवराव शिंद्यांनी सरदारांच्या मुलांसाठी काढलं, म्हणजे आपल्याच शिंदे-फाळके-आंग्रे मंडळींच्या पोरांसाठी. १९०८ मध्ये किल्ल्यावर गेलं, १९३३ मध्ये सर्वांना खुलं झालं. त्यांचे नातू, दिवंगत केंद्रीय मंत्री माधवराव तिथेच शिकले. या मंत्री माधवरावांचे चिरंजीव ज्योतिरादित्य? आपल्या कुपरेजच्या कॅम्पियनला आणि मग डूनला! आणि आज सिंदिया स्कूलच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष तेच. घरची शाळा असून पोरगं दुसऱ्यांच्या शाळेत. धागाकर्त्यांनी हेडमास्तर मोजण्यापेक्षा हे मोजावं की शाळा चालवणारे आपली मुलं कुठे घालतात.

निवृत्त_मास्तर

चहाटळ, खोचक आहे पण बरोबर आहे.

सिंदिया स्कूलच्या बाबतीत एक नाव राहून गेलं, एफ. जी. पीअर्स. थिऑसॉफिस्ट माणूस. आधी श्रीलंकेत गॉलच्या महिंदा कॉलेजात प्राचार्य, मग ग्वाल्हेर. किल्ल्याच्या टोकाशी रोज संध्याकाळी मुलं मावळतीला तोंड करून शांत बसतात, ते 'अस्ताचल'. ती प्रथा त्यांच्या काळातली. पुढे पन्नाशीच्या दशकात हेच पीअर्स कृष्णमूर्तींच्या ऋषी व्हॅलीचे प्राचार्य झाले. आता ऋषी व्हॅलीतल्या मुलांनाही संध्याकाळी टेकडीवर मावळतीला बसवतात. माणूस एका शाळेतून दुसरीकडे जातो तेव्हा सवयी बरोबर नेतो. आपल्याकडे राजगुरुनगरजवळ तिवई टेकडीवर १९९५ मध्ये सह्याद्री स्कूल निघालं, तेही याच घराण्यातलं.

आणि कोरेगावकर, तुमच्या हाउसमास्तरांच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. डूनची खरी ताकद पहिल्या तीस वर्षांत तीच होती. होल्ड्सवर्थ हे १९३१ च्या हिमालयातल्या कामेत शिखर मोहिमेतले गिर्यारोहक, ते तिथे मास्तर. गुरदयाल सिंग भूगोल शिकवायचे आणि १९५१ मध्ये त्यांनी त्रिशूळ मोहीम नेली. असे लोक स्टाफरूममध्ये असतील तर हेडमास्तरानं त्यांच्या वाटेत न येणं हेही कामच.

पालक_ठाणे_पश्चिम

तुमचं सगळं वाचतेय. इतिहास छान आहे, पण मी सध्याच्या काळातलं बोलते, चालेल ना?

माझा मुलगा एका निवासी शाळेत आहे, महाराष्ट्रातल्याच. आम्ही प्रवेश घेतला तेव्हाचे प्राचार्य फार शांत होते. प्रत्येक पालकाशी बोलायचे. वर्षाच्या आत ते गेले. नवे आले ते 'ब्रँड' वगैरे बोलणारे. मुलांच्या रविवारच्या फोनची वेळ बदलली, आधी ट्रेक होता तिथे आता कसलंसं नेतृत्व शिबिर. फी वाढली ती वेगळीच. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, 'आई, काही फरक नाही, आमचे वॉर्डन सर तेच आहेत.'

माझं म्हणणं असं की पालकाला प्राचार्य दिसतो, मुलाला वॉर्डन दिसतो. शाळा बघायला गेलात तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा घेत बसू नका. हाउस बघा, बाथरूम बघा, रात्री ताप आला तर कोण उठतं ते विचारा.

निवृत्त_मास्तर

ताई, लाख बोललात. डूनमध्ये प्रत्येक हाउसला हाउसमास्तरबरोबर एक 'डेम' असतात. मुलांचे कपडे, औषधं, रडारड त्यांच्याकडे. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी दोन वेगळी हाउसेस आहेत, त्यांना फूट आणि मार्टिन यांची नावं दिली आहेत. मोठ्या हाउसेसना मात्र देणगीदार संस्थानांची आणि घराण्यांची: हैदराबाद, काश्मीर, जयपूर, टाटा, आणि नंतर आलेलं ओबेरॉय.

रुईया_नाका (धागाकर्ता)

प्रतिसाद जोरात आहेत, आभार. दोन मुद्द्यांना उत्तर देतो.

कोरेगावकर, सैनिक शाळेचं उदाहरण मला उलट माझ्या बाजूचं वाटतं. तुमच्याकडे प्राचार्यानं काय ठरवायचं ते दिल्लीत आधीच ठरलेलं असतं. अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षा, एनडीएत मुलं पाठवायचं उद्दिष्ट, सगळं वरून. त्यामुळे माणूस बदलला तरी चालतं. डूनसारख्या खासगी शाळेत प्रत्येक हेडमास्तर काहीतरी नवीन आणतो. २००६ मध्ये, बाजपेयींच्या काळात, आयबी हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आला. आयएससी ही आपल्याकडची बारावीची परीक्षा आधीपासून होतीच. पुढे दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा आयजीसीएसई. आता एकाच वर्गातली मुलं वेगवेगळ्या परीक्षांना बसतात. असे निर्णय घेणारा माणूस पाच-सात वर्षांत निघून जातो आणि ते निस्तरतात स्टाफरूममधले.

पालकताई, तुम्ही जे सांगितलंत ते नेमकं हेच.

कोरेगावकर_एक्स_सातारा

एनडीएचं उद्दिष्ट वरून येतं हे मान्य. पण 'माणूस बदलला तरी चालतं' हे इतकं सोपं नाही हो. एखादा प्राचार्य पालकांना विश्वासात घेणारा असला की त्या बॅचमधून मुलं जास्त टिकतात, एखादा फक्त कवायतीवर भर देणारा असला की दहावीचे गुण खाली. फरक पडतो, पण तो त्या दोन-तीन बॅचेसपुरता. मग दुसरा येतो.

आणि तुमचं गणित. रामचंदानी नऊ वर्षं, दास आठ, मेसन सात, बाजपेयी सहा, मॅक्लॉक्लिन सात. याला 'आखडली' म्हणणं म्हणजे फूट-मार्टिनला मोजपट्टी धरणं झालं. हेडमास्तर अठरा वर्षं राहणं हीच विचित्र गोष्ट होती. त्या दोघांना बदलायला कोणी नव्हतंच, वर युद्ध आणि फाळणी. आजच्या हेडमास्तरच्या मागे नियामक मंडळ, माजी विद्यार्थ्यांची संघटना, पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट. सात वर्षं काढली तर सत्कार करायला हवा.

कळंबा_ते_डोंबिवली

एवढी चर्चा झाली आणि एकानंही आपलं 'बोर्डिंग' काढलं नाही? मुंबईकर झालात राव सगळे!

आमच्या कोल्हापुरात बोर्डिंग म्हटलं की डून आठवत नाही. शाहू महाराज स्वतः राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले, १८८५ पासून. तुम्ही वर म्हणता तीच ती रजवाड्यांची शाळा. तिथून आल्यावर गादीवर बसलेल्या माणसानं काय केलं? कोल्हापुरात तसलंच आणखी एक राजकुमार कॉलेज काढलं नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका जातीजमातीसाठी वसतिगृहांची रांग लावली. खेड्यातला पोरगा शाळेत येत नाही कारण शहरात राहायला जागा नाही, खायला भाकरी नाही, एवढं साधं निदान होतं ते.

त्याच कोल्हापुरात भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहायचे. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले म्हणून त्यांना तिथून काढलं. त्यांनी पुढे १९१९ मध्ये कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्याला शाहू बोर्डिंग हाउस नाव दिलं. मुलं कामं करून शिकायची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा, मुलांचं धान्य भरायला.

आता तुमच्या प्रश्नाकडे. नेतृत्व बदललं का? कर्मवीर १९५९ मध्ये गेले. त्यानंतर रयतचं अध्यक्षपद यशवंतराव चव्हाण, शरद पवार अशा नेत्यांकडे गेलं. संस्था प्रचंड वाढली, महाविद्यालयं झाली. पण लक्ष्मीबाईंसारखं स्वयंपाकघरात उभं राहणारं कोणी त्यानंतरच्या यादीत दाखवा. फूटनं डूनच्या मुलांना सांगितलं होतं की तुम्ही सेवेचे सरदार व्हा, जन्माचे किंवा पैशाचे नव्हे. चांगलं बोलला. पण आधी सरदार तर हवाच! भाऊरावांना सरदार नकोच होता.

निवृत्त_मास्तर

कळंबा, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा होता.

फक्त एक भर. मराठी माणसानं निवासी शाळेचा तिसरा प्रकारही केला आहे, लष्करी. पुण्यात १९३२ ची श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल, नाशिकला १९३७ मध्ये डॉ. मुंज्यांनी काढलेलं भोसला मिलिटरी स्कूल. मुंजे १९३१ मध्ये इटलीत जाऊन मुसोलिनीला भेटून आले होते आणि तिथल्या तरुणांच्या लष्करी प्रशिक्षणानं भारावले होते. म्हणजे बघा, तेरा वर्षांत साताऱ्याचं बोर्डिंग, पुण्याची शाळा, डून आणि भोसला. चारही ठिकाणी पोराला घरापासून तोडून काहीतरी घडवायचं, पण काय घडवायचं यावर चौघांचं अजिबात एकमत नव्हतं. मला हेडमास्तरांच्या यादीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं. पाया घालणारा जे ठरवून जातो त्याला नंतरचा हेडमास्तर फार तर रंग देतो.

रुईया_नाका (धागाकर्ता)

मास्तर, इथे मी नाही म्हणेन. सनावर बघा. १८४७ मध्ये हेन्री लॉरेन्सनं गोऱ्या सैनिकांच्या, त्यातही अनाथ मुलांसाठी काढलेली. पाया घालणाऱ्याच्या डोक्यात भारतीय मुलगा नव्हताच. १९५६ मध्ये मेजर सोम दत्त पहिले भारतीय हेडमास्तर म्हणून आले आणि चौदा वर्षं राहिले, मग थोड्या अंतरानं दासांची चौदा वर्षं. ती शाळा आज जशी आहे तशी त्या वर्षांत झाली. नुसता रंग दिला म्हणता येणार नाही, भिंतीच नव्या घातल्या. आणि डूनच्या चौदा वर्षं आधी भारतीय माणूस नेमला हेही लिहून ठेवा.

भायखळ्याची_पोर

मला एक खटकतंय. वरची सगळी यादी पुन्हा वाचा. फूट, मार्टिन, मिलर, सिमियन, रामचंदानी, दास, मेसन, बाजपेयी, मॅक्लॉक्लिन, रॅगेट, सिंग. गिब्सन, पीअर्स, सोम दत्त. एकही बाई नाही. डून आजही फक्त मुलांची शाळा. आणि चर्चेत बाया आल्या त्या कोण, तर डेम, लक्ष्मीबाई आणि चकलीवाल्या काकू!

त्या मानानं सनावरला पहिल्या दिवसापासून मुली होत्या, १८४७ पासून. ऋषी व्हॅली राधिका हर्झबर्गर यांनी कित्येक वर्षं चालवली.

चहाटळ

काकूंतर्फे निषेध नोंदवून घ्या. चकल्या उत्तम होत्या, रेक्टरनंच खाल्ल्या.

पालक_ठाणे_पश्चिम

+१ भायखळा. माझी धाकटी मुलगी सहावीत जाईल पुढच्या वर्षी, तिला सैनिक शाळेचं वेड लागलंय. कोरेगावकर, मुलींना घेतात ना आता?

कोरेगावकर_एक्स_सातारा

घेतात. मिझोराममधल्या छिंगछिपच्या शाळेत २०१८ मध्ये आधी प्रयोग झाला. मग २०२१ च्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात सगळ्या सैनिक शाळा मुलींना खुल्या केल्याचं जाहीर झालं. प्रवेश सहावीला आणि नववीला, परीक्षा देशभर एकच. गणितावर भर द्या, तिथेच पोरं गळतात. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात तेव्हा जुन्या मंडळींनी खूप कुरकुर केली होती, 'शाळेचं वातावरण बदलेल' वगैरे. आता तेच लोक नातीच्या परीक्षेची माहिती विचारायला फोन करतात.

अर्ज साधारण वर्षाअखेरीस निघतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जुन्या प्रश्नपत्रिका पाठवतो.